चौथं तिकीट, ठाणे ते कुडाळ

गणपतीला गावी जायची तिकिटं काढणं हे आमच्या घरात माझं काम. यंदा, २०२५ ला, चतुर्थी २७ ऑगस्टची. आम्हाला २५ तारखेची मांडवी एक्स्प्रेस हवी होती. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं. म्हणून २६ जूनला सकाळी पावणेआठलाच लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही मांडून बसलो. कोकणातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. आठच्या ठोक्याला पडद्यावर चक्र फिरायला लागतं आणि तीन-चार मिनिटांत सगळं संपलेलं असतं. नावं टाइप करत बसलात तर गेलात. म्हणून नावं ‘मास्टर लिस्ट’मध्ये आधीच साठवून ठेवायची आणि नुसत्या टिक करत पुढे जायचं. मी तेच केलं. ओटीपी आला, पैसे गेले, आणि चक्क कन्फर्म. मी ओरडलोच. ही स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

तिकिटावर चार नावं होती.

मी घाईत चारही चौकोनांवर टिक केली होती. चौथं नाव दादाचं. वय १२.

त्या यादीत जन्मतारीख भरलेली असते. ती मी २०१९ साली भरली होती. आम्ही इकडे थांबलो, पण रेल्वेच्या हिशेबात त्याचा दर जूनला वाढदिवस होत राहिला. पाच ते बाराच्या आतल्या मुलाला बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट पडतं. बारा पूर्ण झाले की ती सवलत संपते. म्हणजे आमचा मुलगा रेल्वेच्या दरबारी पूर्ण माणूस झाला होता.

दादा हे त्याचं नाव नव्हे. धाकटी बोलायला लागली तसे घरातले सगळेच त्याला दादा म्हणायला लागले, मीसुद्धा. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो गेला तेव्हा आठ वर्षं चार महिन्यांचा होता. धाकटी आता साडेनऊ वर्षांची आहे. म्हणजे गेल्या वर्षी जूनमध्ये कधीतरी ती आपल्या दादापेक्षा मोठी झाली. नेमकी तारीख मी कॅलेंडर घेऊन काढली होती, कोणाला सांगितली नाही. ती अजून त्याला दादाच म्हणते. पण हल्ली म्हणते, “दादाला हे जमलं नसतं, तो लहान होता.”

आजाराबद्दल थोडक्यात सांगतो. २०१९ च्या गणपतीहून परतल्यावर ताप हटेना, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डोंबिवलीतल्या आमच्या डॉक्टरांनी सीबीसी, म्हणजे रक्ताची तपासणी, करायला सांगितलं. रिपोर्ट संध्याकाळी मिळायचा होता, लॅबमधून फोन दुपारीच आला. मग परळ. टाटाच्या गोल्डन ज्युबिली इमारतीचे मजले, रांगा आणि फायलींचे रंग आम्हाला पुढे डोंबिवली स्टेशनाइतके पाठ झाले. निदान होतं अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. डॉक्टर म्हणाले, मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा कॅन्सर हाच, आणि बरी होणारी बरीच मुलंही यातलीच. अडीचेक वर्षांचा प्रोटोकॉल. आमची भाषा बदलली. ‘आज काउंट किती’, म्हणजे रक्तातल्या पेशी किती; ‘एलपी कधी’, म्हणजे पाठीच्या मणक्यातली सुई कधी; ‘प्लेटलेट चढवल्या का’. स्टिरॉइडच्या आठवड्यांत हा रात्री दोनला उठून पिठलं-भात मागायचा आणि ही उठून करून द्यायची. जगाने मास्क लावला त्याच्या सहा महिने आधीपासून आमच्या घरात मास्क होते. लॉकडाउनमध्ये लोकल बंद पडल्या तेव्हा डोंबिवली ते परळ कसं गाठलं याचा वेगळा लेख होईल. २०२१ च्या एप्रिलमध्ये आजार उलटला. पुढचे सहा महिने मी इथे लिहीत नाही.

त्यानंतर गावी सगळे मिळून गेलोच नव्हतो. २०२२ ला वर्ष व्हायचं होतं. २०२३ ला धाकटीच्या शाळेचं कारण काढलं. २०२४ ला मी एकटा दीड दिवसाला जाऊन आलो. यंदा धाकटीनेच विषय काढला, “आपण गणपतीला जायचं बंद केलंय का?”

तर तिकीट. चारातलं एक रद्द करता येतं, चार बटणांचं काम. ही म्हणाली, “राहू दे. दोन महिने आहेत, नंतर बघू.” मी म्हटलं, गणपतीच्या गाडीत लोक संडासाशेजारी पेपर पसरून बसतात, रिकामा बर्थ घेऊन जाणं बरं नाही. ती म्हणाली, “मला कळत नाही का?” पुढे आम्ही दोघं काही बोललो नाही. जुलै गेला. ऑगस्ट आला. मी दोनदा ते पान उघडलं आणि दोनदा बंद केलं. रद्द करताना ज्या प्रवाशाचं करायचं त्याच्या नावापुढे खूण करावी लागते. ती खूण करायला माझा हात उचलेना, हे खरं कारण. तिचं कारण मी विचारलं नाही.

२५ तारखेला ठाण्याला गर्दी अशी की आपली बॅग आपल्याच हातात आहे का ते चाचपून पाहावं. आमचे बर्थ ३३ ते ३६. दादाचा ३६, खालचा, खिडकीचा. धाकटी सरळ जाऊन तिथे बसली. पनवेल सुटल्यावर टीसी आला. हातातल्या यंत्रात बघत म्हणाला, “चार ना? चौथा कुठाय?”

“नाही आला.”

“पुढे चढणार आहे?”

“नाही.”

त्याने बोट टेकवलं. अंगठ्याएवढ्या पडद्यावर एक नाव गेलं. जून ते ऑगस्ट मला जमलं नव्हतं ते त्याने पाव सेकंदात केलं, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. “आरएसीवाले देतो इथे,” म्हणाला. धाकटी उठून माझ्या शेजारी येऊन बसली. थोड्या वेळाने कणकवलीला जाणारे एक आजोबा-आजी पिशव्यांसकट आले. एका सीटवर दोघं अवघडून बसली होती, त्यातल्या आजोबांना ३६ मिळाला. आजीही मग इकडेच येऊन टेकल्या.

आता आमच्या घरातली एक भानगड सांगायला हवी. “मुलं किती?” असं कोणी विचारलं की मी ‘एक’ सांगतो. ही ‘दोन’ सांगते. यावर आमचं एकदा भांडण झालं होतं, मग ज्याने त्याने आपलं उत्तर द्यायचं असं ठरलं. एरवी खपून जातं, कारण विचारणारे वेगवेगळे असतात. या वेळी आजोबांनी मला दाराशी विचारलं आणि आजींनी हिला खिडकीशी. चिपळूण सुटल्यावर डबे उघडले. घावन आणि बटाट्याच्या भाजीची देवाणघेवाण झाली आणि आजोबा हसत हसत हिला म्हणाले, “काय हो, हे एकच सांगतात! एकाला विसरले की काय?”

आम्ही दोघंही घासाकडे बघत राहिलो. धाकटी पुरीने भाजी टिपत म्हणाली, “मला दादा होता. त्याला ब्लड कॅन्सर झाला होता. तुम्ही त्याच्याच सीटवर बसलाय.”

आजोबा चटका बसल्यासारखे उठले. हातात डबा, डोकं मधल्या बर्थला आपटलं. “बसा हो,” धाकटी म्हणाली, “तो येणार नाहीये.” ही हसली. डोक्याला लागलं का विचारता विचारता हसली आणि हसता हसता रडली. मी पाण्याची बाटली शोधत बसलो, जी माझ्या मांडीवरच होती. आजी मात्र शांत होत्या. त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि विचारलं, “नाव काय होतं त्याचं?”

सगळे ‘काय झालं होतं’ विचारतात. ‘कुठे दाखवलं’, ‘किती खर्च आला’, ‘अमक्या वैद्याकडे नेलं होतं का’. नाव विचारलेलं मला आठवत नाही. हिने नाव सांगितलं. आजींनी ते एकदा म्हणून पाहिलं आणि डबा पुन्हा उघडला. कणकवलीला उतरेपर्यंत त्या त्याचं नाव घेऊन बोलत होत्या. तो बोगदे मोजायचा का, त्याला मासे आवडायचे का, असं.

बोगदे तो मोजायचाच. २०१९ च्या प्रवासात वहीत चार उभ्या रेघा आणि एक आडवी, असे गठ्ठे करत होता. ती वही आता धाकटीकडे आहे आणि तिने त्याच पानावर खाली आपल्या रेघा सुरू केल्यात, वेगळ्या रंगाच्या पेनाने. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. त्यात शिरलं की काळोख, पावसाळी ओल आणि इंजिनाचा घुमारा संपता संपत नाही. त्या वर्षी तिथे पोचेपर्यंत दादा झोपला होता. रत्नागिरीपुढचा पानवळचा पूल, ६४ मीटर उंच, दाखवायला मी त्याला हलवलं तरी उठला नाही. कुडाळपर्यंत झोपला. आम्ही म्हटलं, बरं झालं, त्रास नाही दिला. वहीत त्याच्या रेघा एकतीसवर थांबल्यात. आता कळतं ते आजारपण होतं. तेव्हा वाटलं, पहाटे उठलाय म्हणून असेल.

कुडाळहून रिक्षा डांबरी रस्ता संपतो तिथपर्यंत येते. पुढे दहा मिनिटांची पाणंद, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, शेवाळलेली चढण. अर्ध्यावर एक जांभ्याची रुंद पायरी आहे. २०१९ ला तो त्या पायरीवर बसला. “बाबा, उचल ना. पाय दुखतात.” माझ्या दोन्ही हातांत सामान होतं, वरून पाऊस होता. मी म्हणालो, “सहा वर्षांचा घोडा झालास, चाल.” तो उठला आणि चालला. रात्री आईने त्याच्या पोटऱ्यांना तेल लावताना नडगीवरचे काळेनिळे डाग दाखवले. “धडपडता किती ह्यो,” म्हणाली. मीही हो म्हटलं.

पुढे टाटात मी डॉक्टरांना हे विचारलं. ते म्हणाले, आठ-दहा दिवसांनी काही बदललं नसतं. मला ते पटलेलं आहे. पण पायरी काही पटण्या-न पटण्यावर ठरत नाही, ती तिथेच आहे. हे मी हिला कधी सांगितलं नव्हतं आणि त्या संध्याकाळीही सांगितलं नाही. आम्ही चढत होतो, मी मुद्दाम पुढे बघत होतो. मागून धाकटी म्हणाली, “थांबा, चपलेत खडा गेलाय,” आणि तिथेच टेकली. दुसरी जागा होती की नव्हती देव जाणे. मी दोन्ही बॅगा खाली ठेवल्या. तिने चप्पल काढली, झटकली, बोटांच्या बेचक्या पुसल्या, मग गडग्यावरची गोगलगाय बघत बसली. मी उभा राहिलो. पाऊस लागला तरी ‘चल’ म्हणालो नाही. शेवटी हीच म्हणाली, “अहो, भिजतोय आपण.”

घरी पोचल्यावर आईने नातीला पोटाशी धरलं. “इलंस गो बाय?” एवढंच. दादाचा विषय नाही. त्या रात्री कोणीच काढला नाही. भावजय एकदा चुकून त्याचं नाव घेऊन जीभ चावून गप्प झाली. सगळ्यांना आम्हाला जपायचं होतं, आणि जपण्याचा भार आमच्यावरच पडत होता. मधल्या खोलीत भिंतीवर एक खिळा रिकामा दिसला. हिने विचारलं, “आई, फोटो कुठाय?” आई गप्प. मग ट्रंकेतून, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला फोटो निघाला. आम्ही येणार म्हणून उतरवून ठेवला होता, आम्हाला त्रास होईल म्हणून. हिने तो पदराने पुसला आणि परत लावला. थोडा तिरका लागला, तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी माटवी बांधायचं काम. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातलं, परसातलं जे जे पिकलं-फुललं असेल ते बांधतात. कवंडाळं, शेरवडं, तेरडा, सुपारीचा घड, तवसं, चिबूड, आंब्याचे टाळे. दरवर्षी खाली उभं राहून एकेक वस्तू वर द्यायचं काम घरातल्या मोठ्या मुलाचं. २०१९ ला दादाने दिलं होतं. यंदा कोणी न सांगता धाकटी खाली उभी राहिली. भावाच्या मुलीला, जी पाच वर्षांची आहे, म्हणाली, “तू कवंडाळाला हात लावू नको, फुटेल. मी मोठी आहे ना.”

चतुर्थीला पूजा झाली आणि तात्या, माझे थोरले चुलते, गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. इथे मला थोडं थांबायला हवं. २०२० ला लॉकडाउनमुळे आणि २०२१ ला दादाच्या काउंटमुळे आम्ही गावी नव्हतो. दोन्ही वर्षी गाऱ्हाणं व्हिडिओ कॉलवर ऐकलं. २०२१ ला तात्यांनी हात जोडून सांगितलं, “बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक बरा कर.” त्यावर मोबाइलमधून पंचवीस माणसांचा आवाज आला, “होय म्हाराजा!” दादानेही मास्कच्या आतून म्हटलं, “होय म्हाराजा!” पुढल्या महिन्यात तो गेला. तेव्हापासून मी आरतीत टाळ वाजवतो, प्रसाद घेतो, पण गाऱ्हाण्याच्या वेळी तोंड उघडत नाही. देव आहे-नाही या वादात मला पडायचं नाही. एकदा सगळ्यांनी मिळून मागितलं होतं आणि मिळालं नाही, एवढाच माझा त्याच्याशी हिशेब आहे.

तात्या म्हणाले, “सालाबादप्रमाणे तुजी सेवा केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा!”

“काय चुकला-माकला आसात ता पायाबुडी घाल रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा!” यात सगळ्यांच्या वर एक किरटा आवाज होता. धाकटी. शिरा ताणून. हे तिला दादानेच शिकवलं होतं, ती तीन वर्षांची असताना, याच ओटीवर. “जास्त जोरात ओरडेल त्याला जास्त मोदक,” अशी थाप मारून. तात्या पुढे लेकराबाळांवर आले. “मुंबयची, गावची, जी आसत ती...” आणि इथे त्यांचा आवाज अडला. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “आणि जी नाय ती. सगळ्यांका तुझ्या पायाशी ठेव रे म्हाराजा.”

धाकटी ओरडली. मी ओरडलो नाही. पण ओठ हलले असावेत, कारण हिने माझ्याकडे वळून पाहिलं.

पाचव्या दिवशी गौरी आल्या. दुपारी शेजारचा मुलगा अंगणात आला. दादाच्याच वयाचा. ओठावर बारीक लव आलीय, आवाज फुटायला लागलाय. त्याच्याकडे मला सलग बघवेना. तो बराच वेळ चिऱ्यावर पाय घासत उभा होता. मग एकदम म्हणाला, “काका, माझो भोवरो तेच्याकडे रवलो.”

“कोणाकडे?”

त्याने दादाचं नाव घेतलं. “तांबडो होतो. पुढल्या गणपतीक हाडून दितंय म्हणान सांगितल्यान.”

मागून त्याची आई धावत आली, “गप रे मेल्या, काय बोलतंस!” माझी माफी मागायला लागली. मी म्हटलं, त्याला बोलू द्या. मला तो भोवरा चांगला माहीत होता. डोंबिवलीच्या कपाटात, दादाच्या वस्तूंच्या खोक्यात आहे. तो कुठून आला हे आम्हाला कधी कळलं नव्हतं. मी विकत आणलेला नव्हता. आणि हा पोरगा गेली सहा वर्षं दादाबद्दल ‘बिचारा’ म्हणत नव्हता, त्याच्यावर उधारी धरून होता. त्या सगळ्या आठवड्यात मला सगळ्यात जवळचा वाटला तो हा.

“जिंकला होता का त्याने?” धाकटीने चौकशी केली.

“छ्या! मागान घेतल्यान. तेका जाळी पण गुंडाळूक येय नाय होती.”

“येत होती,” धाकटी म्हणाली. दोघांचं अर्धा तास भांडण चाललं. ही ओटीवर सूप घेऊन बसली होती, तांदूळ निवडायचे सोडून ऐकत होती.

परतीला तीनच तिकिटं होती. ती मी एकेक चौकोन बघून काढली होती. चौथं नाव यादीत अजून आहे, काढलेलं नाही.

घरी आल्यावर खोकं उतरवलं. भोवरा आहे. तांबडा रंग बराच उडालाय, आर, म्हणजे खालचा खिळा, गंजून एका बाजूला वाकलीय, गुंडाळायची जाळी नाहीच. ही म्हणाली, लगेच पाठवून द्यावा. मी म्हणालो, पुढच्या गणपतीपर्यंत राहू दे, हातोहात देऊ. धाकटीचं तिसरंच. असा मोडका द्यायचा नाही, नवी आर बसवून द्यायचा, नाहीतर तो म्हणेल दादाने बिघडवला. रविवारी तिला घेऊन कोपऱ्यावरच्या सुताराकडे गेलो. त्याने भोवरा उलटासुलटा केला, नखाने आर हलवून पाहिली.

“असला खिळा हल्ली नाही मिळत,” म्हणाला. “शनिवारी या.”